रेशमाच्या सेरिसिनपासून चांदीचे नॅनोपार्टिकल्स: साडेतीन महिन्यांच्या नोंदी, चुकांसकट

५ जानेवारी

सुरुवात. काम असं आहे की रेशमाच्या कोषातलं सेरिसिन, म्हणजे धाग्याला धागा चिकटवून ठेवणारं डिंकासारखं प्रोटीन, ते वापरून सिल्व्हर नायट्रेटपासून चांदीचे नॅनोपार्टिकल्स, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायचे अतिबारीक कण, बनवायचे आणि जंतूंवर चालतात का बघायचं. नेहमीची रसायनं, बोरोहायड्राइड नाही, हायड्राझीन नाही, प्रोटीननेच चांदी रिड्यूस करायची, म्हणजे तिच्या आयनला इलेक्ट्रॉन देऊन धातू करायचा, आणि प्रोटीननेच कवच होऊन वर बसायचं. सेरिसिन घेतलं कारण कोषाच्या वजनात ते साधारण २० ते ३० टक्के असतं आणि रेशीम तयार करताना ते गरम पाण्यात सुटून सरळ वाहून जातं, म्हणजे मुळात टाकाऊच. मला मिळालेले कोषही पोचट आणि फुटके, धागा काढायला न चालणारे.

आज फक्त कापाकापी. कात्रीने कोष उभा कापायचा, आतला प्युपा आणि त्याची कात काढून टाकायची. १० ग्रॅम साफ कोषांना पावणेदोन तास लागले. शेवटी कंटाळून दहाबारा कोष नीट न झटकता तसेच टाकले, ते नंतर भोवलं, अर्क तपकिरी आणि तेलकट आला.

८ जानेवारी

सेरिसिन काढलं, पण चुकीच्या पद्धतीने. फायब्रॉइनवर, म्हणजे धाग्याच्या मूळ प्रोटीनवर, काम करणारे लोक कोष ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये अर्धा तास उकळतात, सेरिसिन सुटतं, ते ते फेकतात आणि धागा ठेवतात. म्हटलं आपण उलटं करू, धागा बाजूला आणि पाणी आपलं. अर्क गाळला आणि त्यात १ मिलिमोलर होईल एवढं सिल्व्हर नायट्रेट टाकलं. दोन सेकंदात पिवळं! मी तर उड्याच मारल्या, फोटो काढले, मॅडमना पाठवलेसुद्धा.

पिवळं होतं खरं, पण गढूळ पिवळं. अर्ध्या तासात तळाला बसलं, वरचं पाणी जवळपास रंगहीन. यूव्ही-व्हिजिबलला, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या मशीनला, लावलं तर चांदीच्या पार्टिकल्सचा ४०० ते ४२० नॅनोमीटरच्या आसपास जो उंचवटा दिसायला हवा तो नाहीच, डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी नुसती घसरगुंडी. शेजारच्या बेंचवरच्या ताईने टेस्टट्यूब हातात घेतली, तळाच्या गाळावर दोन थेंब पातळ नायट्रिक अ‍ॅसिड टाकलं, बारीक फसफस झाली आणि गाळ गायब. "अगं, हे सिल्व्हर कार्बोनेट आहे, तूच टाकलंयस कार्बोनेट." नॅनोपार्टिकल्स असते तर बुडबुडे आले नसते.

म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवते: पिवळा रंग म्हणजे नॅनोपार्टिकल्स नव्हेत. सोल्युशन पारदर्शक पिवळं हवं, बाटलीमागचं अक्षर वाचता आलं पाहिजे.

१० ग्रॅम कोष गेले, तीन दिवस गेले.

१५ जानेवारी

आता नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये. १० ग्रॅम कोष, ३०० मिली पाणी, ऑटोक्लेव्हला (लॅबचा मोठा प्रेशर कुकरच) १२१ डिग्री, ४५ मिनिटं. गरम असतानाच मलमलीतून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळलं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर पेपर तुंबतो, तासभर थेंब थेंब बघत बसावं लागतं, हे अनुभवाचे बोल.

किती सेरिसिन आलं हे मोजायला ब्रॅडफर्ड (डायच्या रंगावरून प्रोटीन मोजायची टेस्ट) केलं आणि आकडा इतका कमी आला की वाटलं सगळं धाग्यातच राहिलं. मग ५ मिली अर्क वजन केलेल्या डिशमध्ये १०५ डिग्रीला सुकवला: मिलीला ६.१ मिलिग्रॅम. एकूण २८० मिली, म्हणजे १.७ ग्रॅम. वाळवलेले कोषही साधारण तेवढेच हलके झाले होते, हिशेब जुळला. ब्रॅडफर्डचा डाय मुख्यतः आर्जिनिनला आणि थोडा लायसिनला चिकटतो, सेरिसिन भरलेलं असतं सेरिनने, त्यामुळे तो कमीच दाखवणार. सेरिसिनसाठी सुकवून वजन करा, सरळ हिशेब.

१९ जानेवारी

फ्रिजमध्ये जागा कमी म्हणून अर्क हॉटप्लेटवर आटवून एक तृतीयांश केला आणि ४ डिग्रीला ठेवला. आज बाटली उलटी केली तर काही सांडलंच नाही. सगळ्याचा जेल. सेरिसिन गार झालं की जेल होतं, त्यात मी घट्ट केलेलं. ६० डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये पंचवीस मिनिटांत परत पातळ झालं, पण त्यात गुठळ्या राहिल्या, परत गाळावं लागलं. आटवायचं नाही, मिलीला ५ मिलिग्रॅमला आणून ठेवायचं आणि शक्यतो त्याच दिवशी वापरायचं.

२३ जानेवारी

दूध. आज दूध झालं. सेरिसिनमध्ये सिल्व्हर नायट्रेटचा पहिला थेंब पडला आणि पांढरा ढग. कार्बोनेट नव्हतं, मग काय? फ्लास्क. नळाच्या पाण्याने धुऊन शेवटी डिस्टिल्डने फक्त एकदा खंगाळला होता. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला दिसलं की सिल्व्हर क्लोराइड झालंच, ते विरघळत नाही म्हणजे अगदीच नाही.

आता नियम: सगळी काचेची भांडी १० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर, मग डिस्टिल्डने तीन वेळा. एक फ्लास्क मी जोशात अ‍ॅक्वा रेजियाने धुवायला निघाले होते कारण सोन्यावाले तसंच धुतात, ताईने हात धरला. अ‍ॅक्वा रेजियात नायट्रिकसोबत हायड्रोक्लोरिक असतं, चांदीचा अंश काचेवर क्लोराइड होऊन बसेल. चांदीसाठी नुसतं नायट्रिक.

२४ जानेवारी

दोन स्वच्छ फ्लास्क, ताजं सेरिसिन, पीएच जसा आला तसा म्हणजे ७ च्या आसपास, रूम टेम्परेचर. सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पांढरं नाही, पिवळं नाही, काहीच नाही. चार तास बघितलं. टेबलावर ठेवून घरी गेले.

२५ जानेवारी

सकाळी दोन फ्लास्कपैकी खिडकीकडचा फिकट पिवळा आणि आतला तसाच! दोघांत सगळं सारखं. फरक एकच, उजेड. दुपारी परत केलं, एक फॉइलमध्ये गुंडाळून, एक उघडा खिडकीत. उघडा तीन तासांत पिवळा, फॉइलवाला रात्रीपर्यंत कोरा.

यात आनंद मानण्यासारखं काही नाही. याचा अर्थ उजेड काम करतोय आणि ढगाळ दिवशी माझी बॅच वेगळी येणार. मला असं काहीतरी हवं जे फॉइल गुंडाळूनही होईल.

३० जानेवारी

पीएच वाढवायचं ठरलं. ही कल्पना माझी नाही, २००९ मध्ये बोवाइन सीरम अल्ब्युमिनमध्ये सोन्याचे लाल चमकणारे क्लस्टर बनवले गेले तेव्हाही सोडियम हायड्रॉक्साइड घालून ३७ डिग्रीला ठेवलं होतं. टायरोसिनचा फिनॉल साधारण पीएच १० च्या वर प्रोटॉन सोडतो आणि मग चांदीला इलेक्ट्रॉन द्यायला तयार होतो. सेरिसिनमध्ये टायरोसिन थोडंच, पण आहे.

मी काय केलं, तर सेरिसिन आणि सिल्व्हर नायट्रेट आधी एकत्र केलं, पीएच मीटर त्यातच बुडवला आणि वरून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेले. पीएच ९ ला रीडिंग नाचायला लागलं, इलेक्ट्रोडच्या टोकाशी पांढरट धुरकट रेघ दिसली, खाली खाली ओघळणारी, उदबत्तीचा धूर उलटा केल्यासारखी. इलेक्ट्रोडमध्ये पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं आणि ते जंक्शनमधून हळूहळू बाहेर झिरपतं, ते माझ्या चांदीला भेटत होतं. बॅच गेली ती गेली, इलेक्ट्रोडचं जंक्शनही तुंबलं. लॅबचा एकच चांगला इलेक्ट्रोड, दोन दिवस धुण्यात गेले आणि लॅबभर मी पीएचवाली म्हणून प्रसिद्ध झाले.

यावर उपाय सोपा आहे. चांदी घालण्याआधी नुसत्या सेरिसिनचा १० मिलीचा वेगळा भाग घ्यायचा, त्यात पीएच ११ यायला किती सोडियम हायड्रॉक्साइड लागतं ते मोजायचं, तो भाग फेकायचा, आणि त्या प्रमाणात मुख्य फ्लास्कमध्ये घालायचं. मुख्य फ्लास्कला इलेक्ट्रोड दाखवायचाच नाही. खात्री करायची तर काचेच्या कांडीने एक थेंब पीएच पेपरवर.

४ फेब्रुवारी

अजून एक फसलेला क्रम. आज घाईत फ्लास्कमध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड आधी गेलं, सेरिसिन नंतर. झटकन तपकिरी गाळ, सिल्व्हर ऑक्साइड. सेरिसिन टाकल्यावर तो थोडा विरघळल्यासारखा वाटला आणि मला मोह झाला की चालू द्यावं. चालू दिलं. संध्याकाळी यूव्हीचा पीक, म्हणजे तो उंचवटा, आला ४५० नॅनोमीटरच्या पुढे, पसरट, आणि तळाला काळं. काळा गाळ बघूनही बॅच पुढे नेली, हा शुद्ध आळस.

आधी प्रोटीन, मग सोडियम हायड्रॉक्साइड, चांदी सगळ्यात शेवटी, थेंब थेंब, स्टरर चालू ठेवून. प्रोटीन चांदीच्या आयनला आधीच धरून ठेवतं म्हणून ऑक्साइड होत नाही.

६ फेब्रुवारी

झालं एकदाचं. जसं केलं तसंच लिहिते:

सेरिसिन मिलीला ५ मिलिग्रॅम, ४५ मिली, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गरम असताना गाळलेलं. वरच्या पद्धतीने पीएच ११. वॉटरबाथ ६० डिग्री, फ्लास्कला फॉइल. १० मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे १०० मिलीत ०.१७० ग्रॅम, त्यातलं ५ मिली, पाच मिनिटं लावून थेंब थेंब. मग एक तास.

दहाव्या मिनिटाला फॉइलची कड उचलून बघितलं तर फिकट पिवळं, विसाव्याला गर्द, तासाने तपकिरीकडे झुकलेलं पिवळं, पण आरपार. फ्लास्कमागे बोट धरलं तर बोटाच्या रेषा दिसत होत्या.

यूव्हीला लावलं तर पीकचा माथा कापलेला, वर सपाट मैदान. दोन रीडिंग घेतल्यावर डोक्यात आलं की अ‍ॅब्सॉर्बन्स मशीनच्या मर्यादेबाहेर गेलाय. २० पट पातळ केलं: ४१८ नॅनोमीटर, ०.७१. ब्लँक म्हणून, म्हणजे मशीनला शून्य दाखवायला, पाणी नाही, तेवढंच पातळ केलेलं सेरिसिन त्याच पीएचचं ठेवा, कारण गरम अल्कलीत सेरिसिन स्वतःही थोडं पिवळं पडतं आणि ते पिवळेपण तुमच्या खात्यात जमा होतं.

११ फेब्रुवारी

तीन बॅच. पीक ४१८, ४२०, आणि तिसरी ४३७, उजवीकडे खांदा. तिसऱ्या बॅचचं सेरिसिन पाच दिवस जुनं, त्यातले दोन दिवस बाहेर राहिलं होतं. बाटली उघडल्यावर वास आला होता, मी दुर्लक्ष केलं. प्रोटीन आहे ते, सडणारच. आता एकदम काढून फ्रीझ ड्राय करून पावडर ठेवते आणि लागेल तेव्हा ६० डिग्रीच्या पाण्यात विरघळवते. नुसतं गोठवून ठेवायचाही प्रयत्न केला, वितळल्यावर दोऱ्या दोऱ्या निघाल्या.

१९ फेब्रुवारी

जंतूंची पहिली प्लेट. ई. कोलाय २५९२२ आणि स्टॅफ ऑरियस २९२१३, दोन्ही ए.टी.सी.सी. या जंतूसंग्रहाचे नेहमीचे. म्युलर-हिंटन आगर (जंतू वाढवायचं जेल), ०.५ मॅकफारलंडला (गढूळपणाचं माप) जुळवलेला जंतूंचा द्राव स्वॅबने पसरवला, ६ मिमीची भोकं पाडली, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर. १८ तासांनी ई. कोलायवर १२ मिमीचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तेवढ्यात जंतू वाढलेच नाहीत! प्लेट उजेडासमोर धरून सगळ्यांना दाखवत फिरले.

मॅडमनी प्लेट बघितली, खाली ठेवली आणि विचारलं, "सिल्व्हर नायट्रेट एकट्याचं भोक कुठंय? नुसत्या सेरिसिनचं? पीएच ११ च्या पाण्याचं? आणि न रिड्यूस झालेली चांदी तू काढलीस कधी?"

एकही नव्हतं. काढलीही नव्हती.

२२ फेब्रुवारी

सगळे कंट्रोल ठेवून परत. नुसतं सेरिसिन: काही नाही. पीएच ११ चं पाणी: काही नाही, आगर ते पचवतो. सिल्व्हर नायट्रेट तेवढ्याच चांदीचं: १३ मिमी. माझं: १२ मिमी. आता पोटात गोळा आला, कारण हे १२ मिमी पार्टिकल्सचे की फ्लास्कमध्ये उरलेल्या आयनचे, हे या प्लेटवरून सांगताच येत नाही.

२७ फेब्रुवारी

डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या ट्यूबमध्ये नमुना भरून पाण्यात ठेवायचा, आयन बाहेर जातात, पार्टिकल्स आत राहतात. १२ ते १४ किलोडाल्टनची (त्याहून मोठं ते आत अडकतं) ट्यूब, आत ५० मिली नमुना. पहिल्या पाण्यासाठी मुद्दाम छोटा बीकर घेतला, २०० मिली, चार तास, म्हणजे जे बाहेर येईल ते डोळ्यांना दिसेल एवढं दाट राहील. त्यातलं ५ मिली टेस्टट्यूबमध्ये, एक थेंब पातळ नायट्रिक, मग एक थेंब १ मोलर सोडियम क्लोराइड. काळ्या कागदासमोर धरलं.

थेंब पडला तिथून निळसर पांढरा धूर सुटला आणि हलवल्यावर अख्खी ट्यूब दुधी झाली. तासभर उजेडात राहिली तर जांभळट करडी पडली, म्हणजे सिल्व्हर क्लोराइडच, शंकाच नको. ती ट्यूब मी अजून ठेवली आहे. इतके दिवस मी जे नॅनोपार्टिकल्स म्हणत होते त्यात बऱ्यापैकी साधं सिल्व्हर नायट्रेटच होतं.

मग २ लिटर पाणी, चार वेळा बदललं, दोन दिवस. शेवटच्या पाण्यात थेंब टाकला, काळा कागद काळाच दिसला.

३ मार्च

डायलिसिस केलेल्या नमुन्याची प्लेट. ८ मिमी. भोक ६ मिमीचं, म्हणजे कडेला एक एक मिलिमीटर.

आज काही काम केलं नाही.

५ मार्च

थोडं शांत डोक्याने. दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. एक, आगरमध्ये आयन पळतात, प्रोटीनचं कवच घातलेले पार्टिकल्स तसे पळत नाहीत, म्हणून वर्तुळ लहान आलं याचा अर्थ मारत नाहीत असा होत नाही. वर्तुळ मोजून नॅनोपार्टिकल्सची सिल्व्हर नायट्रेटशी तुलना करणं म्हणजे सायकल आणि बैलगाडीची शर्यत चिखलात लावण्यासारखं आहे. द्रवात मोजायला हवं. दुसरी, एका तासात रिअ‍ॅक्शन पूर्ण होत नाही हे मी बघितलंच नव्हतं, रंग छान दिसला की थांबत होते. दर अर्ध्या तासाला ०.५ मिली काढून २० पट पातळ करून रीडिंग घेतलं: एक तास ०.७१, दीड तास ०.८३, दोन तास ०.८९, अडीच ०.९१, तीन ०.९१. म्हणजे तीन तास हवेत. पीक ४१८ वरून ४१९, आकार बिघडला नाही. तीन तासांच्या बॅचचं पहिलं डायलिसिस पाणी थेंब टाकल्यावर जेमतेम धुरकट.

हे सहा फेब्रुवारीलाच केलं असतं तर महिना वाचला असता.

१२ मार्च

ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे आगरऐवजी द्रवात वेगवेगळे डोस, ९६ भोकांची प्लेट. प्रत्येक भोकात शेवटी मिलीला ५ लाख जंतू येतील असं. पहिल्या प्लेटचं ६०० नॅनोमीटरचं रीडिंग घेतलं आणि काहीच कळेना, कारण पार्टिकल्सचा स्वतःचा रंग आणि धुरकटपणा त्या रीडिंगमध्ये मिसळतो, जास्त डोसच्या भोकात जंतू नसतानाही मशीन जंतू दाखवतं. अख्खी प्लेट वाया.

दुसऱ्यांदा रेझाझुरिन घातलं, जिवंत जंतू असले की निळ्याचं गुलाबी होतं. पण पार्टिकल्स अधिक रेझाझुरिन, जंतू शून्य, असं एक भोक ठेवाच. आमच्याकडे ते निळंच राहिलं म्हणून पुढे जाता आलं, तेच गुलाबी झालं असतं तर ही पद्धतही बाद.

१४ मार्च

आकडे लिहायला बसले आणि आणखी एक चूक सापडली. डोस मी मिलीला १०८ मायक्रोग्रॅम चांदी धरून काढत होते, म्हणजे १ मिलिमोलर. पण डायलिसिसमध्ये उरलेले आयन निघून गेले आणि ट्यूब पाणी पिऊन फुगली. नमुना नायट्रिकमध्ये जिरवून अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनला (चांदी किती ते मोजणाऱ्या मशीनला) दिला: मिलीला ९२ मायक्रोग्रॅम. सगळा तक्ता परत.

ई. कोलायची वाढ थांबायला मिलीला ११.५ मायक्रोग्रॅम चांदी, स्टॅफला २३. सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीला ६.७ आणि १३.५. नुसतं सेरिसिन कितीही घाला, जंतू मजेत. तीन प्लेटमध्ये हेच, एका प्लेटमध्ये स्टॅफ एक भोक मागेपुढे.

म्हणजे ग्रॅमला ग्रॅम माझे पार्टिकल्स सिल्व्हर नायट्रेटपेक्षा कमीच चालतात. मॅडम म्हणाल्या, जसं आलंय तसंच लिही. लिहिलं.

२१ मार्च

मग या खटाटोपाचा फायदा काय, हे बघायला एक साधी गोष्ट केली. ताईकडे सायट्रेटवाले, म्हणजे प्रोटीनऐवजी सायट्रेटचं कवच असलेले, चांदीचे पार्टिकल्स होते, त्यांच्यात आणि माझ्यात ०.९ टक्के मीठ येईल एवढं सोडियम क्लोराइड घातलं. तिचे पिवळ्यावरून करडे व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत, दुपारपर्यंत तळाला बसले. माझे पिवळेच. दुसऱ्या दिवशी पीक ४१९ वरून ४२३. म्युलर-हिंटन ब्रॉथमध्येही टिकले. ताईने तिची ट्यूब उचलली आणि काही न बोलता निघून गेली.

प्रोटीनचं कवच इथे कामाला आलं, क्लोराइड असलेल्या पाण्यात पार्टिकल्स गोळा होत नाहीत.

२ एप्रिल

टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नंबर तीन आठवड्यांनी लागला आणि पहिली ग्रिड, म्हणजे नमुना ठेवायची जाळी, वाया गेली. नमुना तसाच थेंब टाकून सुकवला होता, उरलेल्या सेरिसिनची जाड साय पसरली होती, त्यात काळे ठिपके धुक्यातल्या दिव्यांसारखे. दुसऱ्या वेळी नमुना हाय स्पीड सेंट्रिफ्यूजला धुऊन, ५० पट पातळ करून दिला. आता गोल पार्टिकल्स, बहुतेक १० ते २० नॅनोमीटर, भोवती फिकट कडा. साध्या मायक्रोफ्यूजला १२,००० आरपीएमवर अर्धा तास फिरवूनही वरचं पाणी पिवळंच राहतं, एवढे बारीक पार्टिकल्स त्यात पूर्ण बसत नाहीत, सांगून ठेवते.

डीएलएसने (द्रवात विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणारं मशीन) मात्र ६२ नॅनोमीटर सांगितलं. घाबरू नका, ते पार्टिकलला प्रोटीन आणि पाण्याच्या पांघरुणासकट मोजतं आणि मोठ्यांकडे त्याचा कल जास्त.

एक्सआरडीत (एक्स-रेने स्फटिक ओळखायची पद्धत) चांदीचे ३८.१, ४४.३, ६४.४, ७७.४ डिग्रीचे पीक आले. सोबत जुनी फेब्रुवारीची बॅचही दिली होती, त्यात ३२.२ आणि ४६.२ ला आगाऊ पाहुणे, सिल्व्हर क्लोराइड. म्हणजे तेव्हाही कुठून तरी क्लोराइड घुसलंच होतं आणि ते डोळ्यांना दिसलं नव्हतं.

९ एप्रिल

कचऱ्याबद्दल. ग्रीन सिंथेसिस असं शीर्षकात लिहिणार असू तर हेही लिहायला हवं. ५० मिलीच्या एका बॅचला डायलिसिसचं ८ लिटरच्या वर पाणी, एक ऑटोक्लेव्ह, तीन तास वॉटरबाथ. शेवटी हातात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास चांदी. बोरोहायड्राइड टाळलं हे खरं, पण पाणी आणि वीज कुठे धरली मी? पुढच्या वेळी डायलिसिसऐवजी रिअ‍ॅक्शन पूर्ण करून सेंट्रिफ्यूजने धुवायचं बघेन.

चांदीचं कुठलंही पाणी सिंकमध्ये नाही, जे जंतू मारतं ते सांडपाण्यातल्या कामाच्या जंतूंनाही मारणारच. एका कॅनमध्ये जमवून त्यात मीठ टाकते, क्लोराइड खाली बसतं, गाळून वेगळं ठेवते. आणि कोणी म्हणालं की अमोनिया घालून विरघळवू या तर करू नका, अमोनियावालं चांदीचं सोल्युशन साठवलं की त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो. हातमोजे घाला. माझ्या उजव्या अंगठ्यावर सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग दोन आठवडे होता, रिक्षावाल्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांनी विचारलं.

१७ एप्रिल

मार्चमध्ये ५ तारखेची बॅच डायलिसिस करून दोन बाटल्यांत भरली होती, एक ४ डिग्रीला, एक टेबलावर फॉइलमध्ये, आणि शेजारी तिसरी बाटली नुसत्या सेरिसिनची तेवढ्याच दाटपणाची. मुद्दाम प्रयोग म्हणून नाही, ठेवायला जागा तिथेच होती.

सेरिसिनच्या बाटलीत पांढरट साय, तळाला चिकट, झाकण उघडताच खिडकी उघडावी लागली. टेबलावरची चांदीवाली बाटली आरपार पिवळी, वास नाही, पीक ४२२. फ्रिजमधली ४२०, पण हलवल्यावर दोन बारीक जेलचे तुकडे फिरताना दिसले. म्हणजे फ्रिजपेक्षा टेबलच बरं, फक्त फॉइल हवं.

दोन्हीतलं एक एक मिली आगरवर टाकून ठेवलंय, उद्या बघते. राहिलेलं काम: त्याच सेरिसिन पावडरचा नवा लॉट काढून अख्खी रेसिपी ताईच्या हातून करून घ्यायची, मी बाजूला बसणार, हात लावणार नाही.